कंपायलरच्या यादीत एकटी

‘चॉइस’ हा शब्द मला अजूनही ऐकवत नाही. इंजिनीअरिंगच्या चार वर्षांत हा शब्द मी इतक्यांदा ऐकला, की ‘कॉम्प्युटर’ हा शब्दसुद्धा तितका ऐकला नसेल. आमचे विभागप्रमुख, ज्यांना सगळे एचओडी सर म्हणत, पहिल्याच दिवशी स्टेजवरून सांगत होते की आता नवीन धोरण आलं आहे, कोणी तुमच्यावर विषय लादणार नाही, तुमची डिग्री तुम्हीच आखायची. मागच्या पडद्यावर हातात पुस्तकं धरून हसणाऱ्या परदेशी पोरापोरींचा फोटो होता. माझे बाबा पालकांच्या रांगेत बसले होते. गोंदियाहून तिरोड्याकडे परतताना गाडीत त्यांनी विचारलं, म्हणजे तू म्हणशील तेच शिकवतील का? मी हो म्हणाले, कारण तेव्हा मला ते खरंच वाटलं होतं.

चॉइस म्हणजे काय ते हळूहळू कळत गेलं. कागदावर पाच इलेक्टिव्ह असायचे, म्हणजे आपण निवडायचे विषय. त्यांतले तीन शिकवायला माणूसच नसायचा. उरलेल्या दोनांतला एक ‘बंद होईल बहुतेक’ असायचा. मग जो राहायचा तो आम्ही सगळे निवडायचो आणि अहवालात छापलं जायचं की विद्यार्थ्यांनी आपल्या आवडीनुसार निवड केली. तो अहवाल तपासायला बाहेरून समिती यायची, तेव्हा कॉलेजच्या पायऱ्यांवर झेंडूच्या माळा लागायच्या आणि संडासात साबण यायचा. समिती गेली की साबण जायचा.

हे सगळं मी निमूटपणे गिळलं असतं. पण दुसऱ्या वर्षी आम्हाला एक मॅडम शिकवायला आल्या आणि माझी पंचाईत झाली. त्या तासिका तत्त्वावर होत्या, म्हणजे शिकवलेल्या तासांपुरतंच मानधन, आणि पुढच्या सेमिस्टरला तास असले तरच नोकरी. आमच्याकडे या तासांना ‘लोड’ म्हणतात. लोड आहे तर मॅडम आहेत, लोड नाही तर मॅडम नाहीत, इतकं साधं. त्या गोंदियाला लागूनच असलेल्या कुडव्याला राहायच्या, माझ्या भाड्याच्या खोलीपासून दोन गल्ल्या पलीकडे. वर्गात अगदी पुस्तकी मराठीत बोलायच्या, मध्येमध्ये इंग्रजी, आणि कोणी प्रॅक्टिकलची फाईल दुसऱ्याची बघून उतरवली असेल तर ती उघडायच्यासुद्धा नाहीत, तशीच परत द्यायच्या. आमच्या वर्गात एक फाईल तयार व्हायची आणि साठ पोरं ती उतरवायची, ही पूर्वापार चालत आलेली रीत होती. त्यामुळे मॅडम कोणालाच आवडायच्या नाहीत.

मला आवडायच्या. आपण लिहितो ते यंत्राला कळतं कसं, हे त्यांनी एकदा फळ्यावर एकच ओळ लिहून तासभर समजावलं होतं. ती ओळ आधी तुकड्यांत तोडायची, मग तुकड्यांचं नातं लावायचं, मग त्यातून यंत्राचे हुकूम बनवायचे. हे काम करणारा जो प्रोग्राम, तो कंपायलर. तास संपला तेव्हा माझ्या अंगावर काटा होता, आणि शेजारची मैत्रीण विचारत होती की यातलं परीक्षेला किती मार्काला येईल. त्या दिवशी मी ठरवलं की मला असा एक कंपायलर स्वतः लिहायचा आहे. छोटीशी भाषा बनवायची, ज्यात ‘जर’ला ‘जर’ लिहायचं आणि ‘नाहीतर’ला ‘नाहीतर’, आणि यंत्राने ते मुकाट्याने ऐकायचं. दुसरं काही मागत नव्हते मी त्या कॉलेजकडे.

एका रविवारी मॅडमनी मला घरी बोलावलं आणि जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर माझी पुढची दोन वर्षं आखून दिली. पाचव्या सेमिस्टरला कुठला विषय नीट केला की सहाव्यातला कंपायलर झेपेल, आणि कंपायलर झाला की सातव्यात त्याच्यावरच प्रोजेक्ट. चौकोन, बाण, पुन्हा चौकोन. कॉलेजने ‘अॅकॅडमिक प्लॅनिंग’ या नावाखाली तीन सेमिनार घेतले होते, त्यांत समोसे चांगले होते. आखणी मला या कॅलेंडरवर पहिल्यांदा दिसली.

ते कॅलेंडर मी गावी नेलं. आमचं गाव बोदलकसा तलावाच्या बाजूला, आणि आमच्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या गावोगावी तलाव बांधले आहेत. बाबांना कॉम्प्युटर कळत नाही, पण बाण कळले. त्यांनी मधल्या चौकोनावर बोट ठेवलं. म्हणाले, हा पाट बंद पडला तर खालची धानाची बांधी कोरडीच राहीन ना व? मी म्हणाले, हो, म्हणूनच तो बंद पडू द्यायचा नाही.

तो मधला चौकोन म्हणजे सहाव्या सेमिस्टरचा कंपायलर. नियम असा होता की निवडीचा विषय चालायला निदान वीस पोरं हवीत. वीस झाली तर विषय चालेल, मॅडमना लोड मिळेल, मला माझी भाषा बनवता येईल. नाही झाली तर यातलं काहीच नाही. मॅडमना दुसरा कोणताच विषय दिलेला नव्हता, हे मला प्रयोगशाळेच्या शिपायाकडून कळलं. त्या स्वतः यातलं एक अक्षर बोलल्या नाहीत.

मग मी जे केलं ते आठवलं की मला स्वतःचीच शिसारी येते, कारण मी गोड बोलले. मी स्वभावाने तिखट आहे, घरातले म्हणतात हिच्या तोंडाला मिरची लावून जन्माला घातली. पण पाचव्या सेमिस्टरचे दोन महिने मी वर्गातल्या एकेकाशी मधासारखी बोलत फिरले. ज्या पोरांना फंक्शन आणि लूप यांतला फरक तिसऱ्या वर्षीही सांगता येत नव्हता, त्यांना मी म्हणाले की तुझ्यात ते आहे. परीक्षेआधी मी सगळ्यांना शिकवीन म्हणाले. मॅडम वरून कडक आहेत पण मनाने चांगल्या आहेत, असं पोरगी दाखवायला आणल्यासारखं त्यांचं वर्णन केलं. आणि ते ऐकलं सगळ्यांनी. वीसच्या वर पोरं हो म्हणाली. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर मी विचारलं तेव्हा ओळीने अंगठे उमटले. मी ते मॅडमना दाखवले. त्यांनी चष्मा वर करून फोन हातात घेतला, वरून खालपर्यंत नावं वाचली आणि म्हणाल्या, मग मी दिवाळीत नोट्स काढायला घेते.

इथे आमच्या वर्गप्रतिनिधीबद्दल सांगायला हवं. सगळे त्याला भाऊ म्हणत. स्कॉलरशिपचा अर्ज, परीक्षेचा अर्ज, हॉल तिकीट, बसचा पास, सगळं भाऊच करायचा, आणि मनापासून करायचा. त्यासाठी प्रत्येकाचं लॉगिन आणि पासवर्ड त्याच्याजवळ असायचा. पहिल्याच महिन्यात सगळ्यांनी आपापले पासवर्ड ग्रुपवर टाकून दिले होते, कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या पोरांनी, राजीखुशीने. फक्त मी माझा दिला नव्हता, म्हणून मला शहाणी म्हणत. गावात जसा एखादा माणूस सगळ्यांचे आधार कार्ड गोळा करून तहसीलला जातो आणि कोणी विचारत नाही की त्याने कुठे काय लिहिलं, तसंच ते होतं. त्यात कोणाला काही गैर वाटत नसे.

दिवाळी झाली आणि निवडीचं पोर्टल उघडलं, नेमकं मंडईच्या दिवसांत. आमच्या भागात दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते. प्रत्येक गावाची मंडई वेगळ्या दिवशी, त्यामुळे आज आपल्या गावी पाहुणे तर उद्या आपण दुसऱ्याच्या गावी. दुकानं, जिलेबी, नाटक, आणि घरोघर जेवणावळी. ज्याने ही तारीख ठरवली तो विद्यापीठातला माणूस आमच्याकडचा नसणार हे नक्की. अख्खा वर्ग गावी होता, कोणी आमगावकडे, कोणी अर्जुनी मोरगावला. मी खोली सोडण्याआधीच माझं भरून टाकलं होतं. ग्रुपवर मी रोज आठवण टाकत होते आणि रोज खाली अंगठे येत होते. आमच्या घरी मावश्या, आत्या, त्यांची पोरं अशी गर्दी होती. भाकऱ्या थापून माझे हात दुखून आले होते, पण मी खुशीत होते. एका मावशीने विचारलं, आता काय शिकून राहिली? तिला मी कंपायलर समजावून सांगितला, आणि तिनेही बिचारीने पूर्ण ऐकला.

परत आले तेव्हा यादी लागली होती. सायबर सुरक्षा आणि नीतिमूल्ये या विषयापुढे सगळा वर्ग होता. कंपायलरपुढे एक नाव होतं, माझं.

मला आधी वाटलं काही तांत्रिक गडबड आहे. मी भाऊला गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर गाठलं. तो हसतच होता, मला बघून त्याने माझ्यासाठी चहा सांगितला. मी विचारलं, हे काय आहे?

“मंडई सोडून कोण भरत बसते? मीच सगळ्याइचं भरून टाकलं,” तो म्हणाला. “तुया पासवर्ड मायाजवळ नव्हता, म्हणून तुयाच फॉर्म राहिला. अन् वाईट काय झालं? सगळे संगच राहू. एक नोट्स, एक फाईल.”

मी म्हणाले, पण त्यांनी कंपायलर म्हटलं होतं. तो म्हणाला की म्हटलं असेल, पण मला कोणी सांगितलं नाही, आणि सायबरचा पेपर सोपा आहे, मनाने लिहिलं तरी पास होते. त्याच्या चेहऱ्यावर वाईटपणाचा लवलेश नव्हता. माझा चहा थंड होत होता तर तो टपरीवाल्याला म्हणाला, गरम करून दे. त्याच्यावर नीट रागावताही येईना, आणि त्याने मला जास्तच घाण वाटायला लागलं.

मग मी अंगठेवाल्यांकडे गेले. एकेकाला विचारलं. आणि जे ऐकलं त्याने मला खरी किळस आली, जी अजून गेली नाही. कोणीही चिडलं नव्हतं. आपल्या नावाने दुसऱ्याने आपलं वर्ष ठरवून टाकलं, याचं कोणाला काहीच वाटलं नव्हतं. भाऊने भरलं ना, मग ठीक आहे. तू काऊन इतकी तापून राहिली? एकीने तर मला समजावलं की बरं झालं, त्या मॅडमनी फाईल परत केल्या असत्या. मी म्हणाले, चला, सगळे मिळून एचओडी सरांकडे जाऊ, पोर्टल दोन दिवस उघडायला सांगू. सगळे हो म्हणाले. दुसऱ्या दिवशी सरांच्या केबिनबाहेर मी एकटी उभी होते.

सर अहवालाच्या कामात होते. टेबलावर समितीसाठीच्या फाईलींचा ढीग आणि वरच्याच फाईलीवर मोठ्या अक्षरांत ‘विद्यार्थीकेंद्रित निवड’. मी सगळं सांगितलं, एकाच माणसाने सगळ्यांचं भरलं हेसुद्धा. मला वाटलं हे ऐकून तरी ते खुर्चीत सरळ बसतील. ते म्हणाले, “देखो बेटा, एका नावासाठी सब्जेक्ट चालत नाही. चॉइस पोरांचीच आहे, त्यात मी काय करू?” मग त्यांनी मला सुचवलं की कंपायलरचे व्हिडिओ फुकट मिळतात, ते बघावेत. माझंही नाव त्यांनी सायबरमध्ये टाकून घेतलं. त्या क्षणी मला जाणवलं की त्यांना हायसं वाटलं आहे. एक विषय कमी, एक मॅडम कमी, डोकेदुखी कमी. ती सुटकेची भावना त्यांच्या तोंडावर इतकी उघडी होती की मी नजर फिरवून घेतली.

मॅडम स्टाफरूममध्ये पाचव्या सेमिस्टरचे पेपर तपासत होत्या. यादी त्यांनी पाहिली होती. मी काही बोलायच्या आत त्यांनी कपाटातून दिवाळीत काढलेल्या नोट्सचा गठ्ठा काढून माझ्या हातात दिला आणि सांगितलं की जमेल तसं वाच, अडलं तर घरी ये. मग पुन्हा पेपरात मान घातली. सेमिस्टर संपलं तेव्हा त्यांनी आपला कप आणि खडूचा डबा पिशवीत टाकला आणि स्कूटी काढून निघून गेल्या. निरोप समारंभ कायमच्या शिक्षकांसाठी असतो.

सायबर सुरक्षा शिकवायला इलेक्ट्रिकलच्या एका सरांना बसवलं होतं. ते पडद्यावरचं वाचून दाखवायचे. पहिल्याच धड्यात होतं की पासवर्ड ही खाजगी बाब आहे, तो कोणालाही देऊ नये. सर ते वाचत असताना मागच्या बाकावर कोणीतरी फिसकन हसलं, मग पुढचा हसला, मग सगळा वर्ग हसला. भाऊसुद्धा अगदी पोट धरून हसला. सरांना वाटलं आपला तास रंगला. मी त्या वर्गात बसले होते आणि मला वाटत होतं की इथून उठून नागझिऱ्याच्या जंगलात जाऊन राहावं, तिथे निदान कोणी अंगठे दाखवत नाही. सेमिस्टरच्या शेवटी एकच फाईल फिरली आणि आम्हा सगळ्यांना चांगले मार्क मिळाले. मला त्या विषयात सर्वांत जास्त मिळाले, याचा मला आजही संताप येतो.

अडलं तर घरी ये असं मॅडम म्हणाल्या होत्या. मी दोनतीनदा गेलेही. पण लोड गेलेल्या माणसाकडे तोच विषय घेऊन जाणं मला जड जायला लागलं आणि मी जाणं कमी केलं. माझी भाषा अर्धवट राहिली. तिला ‘जर’ कळायचं, ‘नाहीतर’ कळायचं नाही. सातव्या सेमिस्टरला प्रोजेक्ट म्हणून आमच्या गटाला हजेरीचं अॅप मिळालं, जे आमच्या आधीच्या वर्षानेही केलं होतं.

त्याच सेमिस्टरच्या सुरुवातीला एचओडी सरांनी मला बोलावलं. मार्क चांगले होते म्हणून दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाच्या पोरांसमोर मी विषयांची आखणी कशी करावी यावर बोलावं, अशी त्यांची इच्छा होती. समितीसाठी फोटो हवे होते. मी गेले. मागे तोच हसऱ्या परदेशी पोरापोरींचा पडदा होता. मी त्यांना विचारलं की तुमचा पासवर्ड तुमच्याशिवाय आणखी कोणाजवळ आहे, हात वर करा. जवळजवळ सगळे हात वर गेले, लाजत नाही, हसत. मी म्हणाले, फोन काढा आणि आत्ता बदला. त्यांना वाटलं मी गंमत करते आहे. मी स्टेजवरून खाली उतरले आणि बाकांमधून फिरले, परीक्षेतल्या पर्यवेक्षकासारखी, प्रत्येकाने बदलल्याचं बघत. सर दारातून हातवारे करत होते. तिसऱ्या वर्षाचा वर्गप्रतिनिधी रडकुंडीला आला, म्हणाला, ताई, आता परीक्षेचे फॉर्म कसे भरणार? मी म्हणाले, ज्याचा त्याने. आखणीबद्दल मी एक शब्दही बोलले नाही, आणि फोटोत मी कॅमेऱ्याकडे पाठ करून उभी आहे.

दिवाळी झाली, मंडया झाल्या आणि तिसऱ्या वर्षाची यादी लागली. मी बघायला जाणार नव्हते. गेले. या वेळी नावं दोन ठिकाणी वाटली गेली होती, आणि कंपायलरपुढे वीसच्या वर होती. मी दोनदा मोजली. एचओडी सर शेजारून जाताना म्हणाले, बघ, चॉइस कशी काम करते. मी विचारलं, शिकवणार कोण? ते म्हणाले, माणूस नाही ना, व्हिडिओ लावू.

मी तशीच कुडव्याला गेले. मॅडम आता दिराच्या ऑनलाइन कामांच्या दुकानात बसायच्या, हे मला माहीत होतं, पण त्या दुकानात मी कधी पाय ठेवला नव्हता. धान विक्रीच्या नोंदणीचे दिवस होते. बाकावर आणि बाहेर पायरीवर माणसं बसली होती, हातात सातबारा, आणि टेबलावर त्यांचे फोन ओळीने ठेवलेले. मॅडम एकेक फोन उचलायच्या, मेसेज वाचायच्या, आकडे टाकायच्या. कोणाचा पासवर्ड काय ते लोक मोठ्याने सांगत होते आणि त्या ऐकून घेत होत्या. रांगेतून पुढे जाऊन मी म्हणाले, मॅडम, या वर्षी कंपायलरला वीसच्या वर नावं आली.

त्यांनी वर बघितलं. इतकी वर्षं त्या माझ्याशी पुस्तकी मराठीत बोलत आल्या होत्या, रागावल्या तरी.

“आता कायले सांगून राहिली व मले?” त्या म्हणाल्या.

माझ्या मागे एक म्हातारेबुवा फोन पुढे करून उभे होते. मॅडमनी माझ्या खांद्यावरून हात लांबवून तो घेतला आणि त्यांना विचारलं, ओटीपी आला का. मी त्यांच्या वाटेत उभी होते, म्हणून बाजूला झाले.